फाटकाशी कोणी जायचं नाही

न्हाणीच्या तलावात पाणी एका बाजूला चढलेलं दिसलं, तेव्हा न्हाणीवालीला आधी वाटलं, आपलेच डोळे गेले. तलावाला आतून निळ्या फरश्यांची एक ओळ होती. रोज सकाळी दार उघडून दिवे लावले की पाणी त्या ओळीच्या मध्यावर असायचं, चारी बाजूंनी सारखं. आज उथळ बाजूला ओळ कोरडी होती आणि खोल बाजूला पार बुडाली होती. तिने चष्मा पुसला, खाली बसून बोट लावून पाहिलं. पाणी कधी तिरकं उभं राहत नाही, एवढं कळायला शाळेत जावं लागत नाही. म्हणजे तिरकी झाली होती ती इमारत, आणि इमारतीखालची जमीन. तिने तलावाच्या दाराला कुलूप घातलं आणि मोजणीसाहेबांना फोन केला.

मोजणीसाहेब म्हणजे जमीन किती खचते आहे हे मोजायला सरकारने पाठवलेला इंजिनियर. वयाने तिच्या धाकट्या भावाएवढा, बोलायला गोड. तिपाईवर दुर्बीण लावून त्याने तासभर काहीबाही पाहिलं आणि म्हणाला, "न्हाणीची बाजू अजून धरून आहे. तलाव रिकामा करा, बाकीचं चालू राहू दे. बघू." डॉक्टर आणि मोजणीवाले 'बघू' म्हणाले की माणसाने हातातली कामं आटपून घ्यावीत. न्हाणीवालीने पाणी सोडून दिलं. रिकामा तलाव बघवेना, म्हणून त्या दाराला तिने पडदाही लावला.

खाली काय आहे हे या गावात कोणाला सांगावं लागत नाही. खाली कोळसा होता. चार पिढ्यांनी तो खणून वर काढला आणि लांबच्या लोकांच्या भट्ट्या पेटवायला पाठवून दिला. उरली ती पोकळी. खाण बंद पडली तेव्हा लोक म्हणाले, गाव संपलं. पण गाव म्हणजे काही दुकान नव्हे, फळ्या लावल्या की बंद. कंपनी गेली, इमारती राहिल्या, आणि लोकांनी त्या एकेक करून आपल्याशा केल्या. काळेठिक्कर होऊन वर आलेले लोक जिथे अंग धुवायचे त्या न्हाणीत पोहायचा तलाव झाला. दिवे ठेवायची खोली होती तिथे वाचनालय आलं. इंजिनघरात म्हाताऱ्यांचे पत्त्यांचे डाव पडू लागले आणि बायकांचं गाणं बसू लागलं. नावं मात्र कोणी बदलली नाहीत. तलावाला न्हाणीच म्हणत, तिथल्या किल्ल्या सांभाळणारी ती न्हाणीवाली, आणि वाचनालय चालवणारे गृहस्थ तरुणपणी खाणीच्या तोंडाशी दिवे वाटायचे म्हणून अजून दिवेवालेच. पुस्तक देतानाही ते वात बघितल्यासारखं एकदा डोळ्यांसमोर धरून बघत आणि मगच सोडत.

बिल्ल्यांची रीतही तशीच चालू होती. खाणीत उतरताना माणूस आपला पितळी बिल्ला वरच्या खिळ्याला अडकवून जायचा, वर आला की काढून घ्यायचा. खिळ्यावर बिल्ला म्हणजे माणूस खाली. आता न्हाणीत शिरणारा आपला बिल्ला न्हाणीवालीच्या खिडकीत अडकवत असे. जमीन हलल्यापासून निम्म्या गावाचे नळ फुटले होते, त्यामुळे लोक गरम पाण्याच्या अंघोळीला पुन्हा इथेच येऊ लागले. न्हाणीची परत न्हाणी झाली. संध्याकाळी खिळे रिकामे झाल्याशिवाय न्हाणीवाली कुलूप लावत नसे.

आता भोंग्याची गोष्ट. ती सांगितली नाही तर पुढचं सगळं वेडेपणाचं वाटेल.

जमिनीला भेगा पडू लागल्या तेव्हा मोजणीसाहेबाने इंजिनघरात सभा घेतली. म्हणाला, धोका दिसला की इशारा द्यायला ठिकठिकाणी खांबांवर कर्णे बसवू, त्यातून एक बाई शांतपणे सांगेल, सगळ्यांनी टेकडीवर शाळेच्या मैदानात जा. गावाला ते पटलं नाही. दिवेवाले उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, आमचा खाणीचा भोंगा इथे गंजत पडलाय. तो दुरुस्त करा. परक्या बाईचं कोण ऐकतं? आमचा भोंगा आम्ही झोपेतसुद्धा ओळखतो." लोकांनी टाळ्या वाजवल्या. न्हाणीवालीनेही वाजवल्या. भोंगा दुरुस्त झाला, त्याला रंगही लावला. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच, पण त्या दिवशी कोणाच्या लक्षात आलं नाही.

लक्षात आलं ते रंगीत तालमीच्या दिवशी. सगळ्यांना बजावून ठेवलं होतं की भोंगा झाला की शाळेत. भोंगा झाला. पोरंटोरं आणि बाहेरून राहायला आलेले लोक मुकाट्याने टेकडी चढून गेले. आणि बाकीचं गाव, म्हणजे ज्यांच्या घरातून कोणी ना कोणी कधी खाली उतरलं होतं ते सगळं गाव, धावत सुटलं ते खाणीच्या फाटकाकडे. बायका ओट्यावरचं काम टाकून आल्या. पांगळे म्हातारे काठ्या टेकत आले. पिढ्यान्‌पिढ्या तो भोंगा झाला की खाली काहीतरी घडलंय, फाटकाशी जायचं आणि आपला माणूस वर येईपर्यंत थांबायचं, हे पायांत भिनलेलं. कोणी विचार केला नाही. फाटकापुढच्या पटांगणात पोचून, आपण इथे कशाला आलो म्हणून एकमेकांची तोंडं बघत उभे राहिले, आणि मग हसू लागले. न्हाणीवालीही त्यांच्यातच होती, ओल्या हातांनी.

मोजणीसाहेब मैदानातून धावत खाली आला. त्याच्या तोंडावर रक्ताचा थेंब नव्हता.

"तुम्ही कुठे उभे आहात, कळतंय का?" त्याने विचारलं.

"फाटकाशी," दिवेवाले म्हणाले.

"याच्याखाली खाणीत उतरायची मुख्य विहीर आहे. वरून नुसतं झाकण घातलंय. गाव कुठून खचायला लागलं, तर आधी इथून."

हसू जागच्या जागी विरलं. लोक ज्या जमिनीवर उभे होते तिच्याकडे बघत, पाय न वाजवता, एकेक करून मागे सरले. दुसऱ्या दिवशी पटांगणाला लाल दोरी बांधली गेली आणि पाटी लागली, फाटकाशी कोणी जायचं नाही. नवे कर्णेही मागवले. वरातीमागून घोडं, ते अजून यायचे होते.

न्हाणीवालीची झोप उडाली ती त्या दिवसापासून. स्वतःसाठी नाही. पटांगणातून सगळे मागे सरले तेव्हा एक बाई हलली नव्हती, आणि ती तिची सासू होती. फाटकाचे गज दोन्ही हातांनी धरून उभी. तिला अक्षरशः बोटं सोडवून आणावं लागलं होतं.

सासूबाईंना सगळं गाव आत्याबाई म्हणे, न्हाणीवाली आई म्हणे. घरात दोघीच. न्हाणीवालीचा नवरा लांबच्या रस्त्यांवर ट्रक चालवायचा, महिन्यातून दोनदा घरी यायचा. तो अंगावर पिणारा होता तेव्हा त्याचा बाप खाली अडकला होता. आई तान्ह्याला शेजारी ठेवून फाटकाशी जाऊन उभी राहिली. पोर रडरड रडतंय असा निरोप आला म्हणून ती त्याला पाजायला घरी गेली आणि लगोलग परतली. तेवढ्या वेळात खाली पुन्हा दरड कोसळली होती. शोध थांबवून तो भाग भिंत घालून बंद केला. आईंचा नवरा वर आलाच नाही, कोणत्याच रूपात नाही. गावात बायका म्हणत, फाटकावरची हलली की खालचा हलत नाही. ही म्हण आधीपासून होती की आईंमुळे पडली, हे विचारायची न्हाणीवालीची कधी छाती झाली नाही.

"आई, भोंगा झाला तर तुम्ही वर शाळेत जायचं," ती रोज सांगे.

"बरं," आई म्हणत आणि मटार सोलत राहत.

"बरं नको. तालमीच्या दिवशीही बरंच म्हणालात."

"तेव्हा पाय गेले गं. मी नाही गेले."

"मग पायांना सांगून ठेवा."

"त्यांना कमी ऐकू येतं. माझ्याच वयाचे आहेत ते." आई हसल्या. न्हाणीवालीला हसू आलं नाही. स्वयंपाकघराचं दार गेल्या आठवड्यापासून चौकटीत घासत होतं आणि आता बंदच होत नव्हतं. त्या न मिटणाऱ्या दाराच्या फटीकडे तिची नजर पुन्हा पुन्हा जाई.

"खाली आता कोणी नाही, आई. कोणी वर यायचं राहिलेलं नाही."

आईंचे हात थांबले. "तो खालीच आहे," त्या म्हणाल्या. आवाज अगदी रोजचा, मीठ संपलंय सांगावं तसा. "आणि तुम्ही लोकांनी मध्ये दोरी बांधलीत."

न्हाणीवालीने शेंगांची टोपली पुढे ओढली आणि तीही सोलू लागली. तिला त्यांचा राग येत होता. रागाच्या आत भीती होती, आणि भीती उघडी दाखवण्यापेक्षा राग बरा, म्हणून ती शेंगा जरा जोरातच मोडत होती. या म्हातारीने तिला आईच्या मायेने सांभाळलं होतं. लग्न होऊन आली तेव्हा तिला धड भाजी चिरता येत नव्हती, आणि आईंनी कोणाला पत्ता लागू दिला नव्हता. ती म्हातारी एक दिवस चालत जाऊन जमिनीच्या पोटात नाहीशी होणार, आणि आपण न्हाणीत फरशी पुसत असणार, हे चित्र तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

दोन दिवसांनी, संध्याकाळचा चहा घेताना, जमिनीखालून आवाज आला. खालच्या मजल्यावर कोणी जड कपाट ओढावं तसा. त्यांच्या घराला खालचा मजला नव्हता. कपातल्या चहावर बारीक कड्या उठल्या आणि विरल्या. न्हाणीवालीने टेबलाची कड घट्ट धरली. तिचे दात वाजत होते आणि ते तिला थांबवता येत नव्हते. आईंनी आपला कप खाली ठेवला आणि सुनेकडे बराच वेळ पाहिलं, पहिल्यांदाच पाहावं तसं.

"एवढी भितेस?"

"भिते. तुमच्या पायी भिते," न्हाणीवाली म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. "तुम्हाला काय, तुम्ही जाल त्यांच्याकडे. मी काय सांगू तुमच्या मुलाला?"

आईंनी टेबलावरून हात पुढे केला आणि तिच्या हातावर ठेवला. "ऐक. भोंगा झाला तर मी शाळेत जाईन. दोरी ओलांडणार नाही. शब्द देते. पूस डोळे."

न्हाणीवालीने डोळे पुसले, पण जीव काही भांड्यात पडला नाही. जी बाई सगळा जन्म त्या फाटकाला बांधून घेऊन जगली, ती चहाच्या एका कपात सुटते? लहान पोराला गप्प करायला देतात तसला शब्द असेल हा, तिला वाटलं. तिने तसं बोलून दाखवलं नाही. फक्त शेजारणीला जरा लक्ष ठेवायला सांगितलं, आणि कामावरून मधूनमधून घरी डोकावू लागली.

मग एका भर दुपारी, लख्ख उन्हात, भोंगा झाला.

न्हाणीवाली टॉवेल घडी करत होती. आधी वाटलं, पुन्हा तालीम. पण तालीम असती तर सांगितलं असतं. भोंगा चढत गेला आणि उतरायचं नाव घेईना, आणि त्याच्या खालून तो दुसरा आवाज, कपाट ओढल्याचा, या वेळी थांबत नव्हता. खिडकीवरचे बिल्ले आपोआप किणकिणायला लागले. तिला फाटकाकडे धावायचं होतं, पाय दाराकडे वळलेही होते, पण खिळ्यांवर बिल्ले होते. तिने सगळी दारं ठोठावली. एकेक जण बाहेर आला, बिल्ला उचलून टेकडीकडे पळाला. पाववाला डोक्याला साबण तसाच घेऊन, टॉवेल गुंडाळून आला आणि विचारू लागला, केस धुवायला वेळ आहे का. दुसऱ्या कोणत्याही दिवशी तिने त्याची महिनाभर थट्टा केली असती. आता तिने त्याला पाठीत ढकलून रस्त्यावर काढलं. खिळे रिकामे झाले. तेव्हाच ती बाहेर पडली आणि जीव मुठीत धरून घराकडे धावली.

रस्त्यावर लोक वर चालले होते. तालमीचा धडा कामी आला होता. कोणी खाली जात नव्हतं. ती एकटी उलट्या दिशेने, प्रत्येक चेहऱ्यात आईंना शोधत. घराचं दार उघडं होतं. मटाराची टोपली ओट्यावर, निम्म्या शेंगा सोललेल्या. खुंटीवरची शाल नव्हती. कोपऱ्यातली काठी नव्हती. शेजारणीच्या दाराला कुलूप. तिने हाका मारल्या, मागच्या बोळात पाहिलं. बोळात कोणी नव्हतं.

कोपऱ्यावर दिवेवाले भेटले. धापा टाकत चालले होते, काखेत वाचनालयात जपून ठेवलेली खाणीच्या बिल्ल्यांची जुनी फळी.

"आईंना पाहिलंत का?"

ते थांबले. "या रस्त्याने वर जाताना तरी नाही दिसल्या, पोरी," ते म्हणाले, आणि त्यांची नजर नकळत खाली, फाटकाकडे गेली.

एवढं पुरलं. तिला जे वाटत होतं ते दुसऱ्या माणसाच्या डोळ्यांत दिसलं आणि तेच खरं ठरलं. दिवेवाले मागून हाका मारत राहिले. ती थांबली नाही.

फाटकाचा रस्ता रिकामा होता. रिकामा रस्ता भर उन्हात इतका भयाण दिसतो हे तिला ठाऊक नव्हतं. दोरीशी पोचताच ती क्षणभरही न अडखळता खालून वाकून पलीकडे गेली. पटांगण ओलांडून ती थेट फाटकाशी जाऊन उभी राहिली. तिथे कोणी नव्हतं. ना गजांशी, ना बाकावर, ना पहाऱ्याच्या खोलीत. फाटकाची साखळी वारा नसताना हलत होती आणि गजांवर वाजत होती. डाव्या खांबाच्या बुडाशी जमीन सुटली होती. माणूस तिरका होऊन आत जाईल एवढी काळी फट, आणि तिच्यातून थंडगार हवा वर येत होती, ओल्या कोळशाच्या वासाची.

"आई," तिने हाक मारली. मग फटीशी वाकून पुन्हा मारली. आवाज आत गेला आणि कुठे लागलाच नाही.

आपल्याला यायला उशीर झाला, ती आत गेली, आपण टॉवेल घडी करत होतो. किंवा नसेलही गेली. असेल वाटेत, आता येईल, आणि आपण वर निघून गेलो की मग येईल, दोरी ओलांडेल, आणि इथे तिला धरायला कोणी नसेल. जायचं कसं? तिने गज पकडले. तोपर्यंत ती त्या म्हणीला बायकांचा खुळेपणा समजत आली होती. आता तिला कळलं की यात खुळेपणा कसलाच नाही. ज्याचं माणूस सापडत नाही त्याला पाय उचलताच येत नाही, इतकं ते साधं आहे. पायाखालची फरशी थरथरत होती. पळ, असं तिचं सगळं अंग ओरडत होतं, आणि ती तिथेच उभी होती. आयुष्यात ती इतकी कधी भ्याली नव्हती.

मग पटांगण खचलं. मोठा आवाज वगैरे झाला नाही. उशीवर हात दाबावा तसा मधला भाग खाली बसला, पहाऱ्याची खोली एका अंगावर कलली, आणि तिच्या आणि दोरीच्या मध्ये, पटांगणाच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, एक भेग उघडली. धूळ उडाली. ती किंचाळली असावी. तिला आठवत नाही.

धूळ बसली तेव्हा दोरीपलीकडे कोणीतरी उभं होतं. शाल, काठी. आई होत्या. टेकडीच्या बाजूने आल्या होत्या.

न्हाणीवालीला वाटलं, आता या धावत येणार आणि दोघीही जाणार. "तिथेच थांबा," तिला म्हणायचं होतं. शब्द फुटेना.

पण आई आल्या नाहीत. त्यांचं सगळं शरीर पुढे झुकलं होतं, दोरी पोटाला लागून ताणली गेली होती, पण पाऊल दोरीच्या अलीकडे पडलं नाही.

"गज सोड," आई म्हणाल्या. हाक नाही, ओरडणं नाही. चूल बंद कर म्हणावं तसं. "आधी एक हात. हं. आता दुसरा."

"मला नाही येणार, आई."

"लग्न होऊन आलीस तेव्हा भाजी चिरतानाही हेच म्हणालीस. भिंतीकडेने ये. मध्ये पाय ठेवू नको. खाली बघ, माझ्याकडे नको बघू, मी काही पडत नाही."

ती भिंतीला पाठ लावून सरकली. एकेक पाऊल आधी टेकवून, मग भार देऊन. भेगेशी पोचल्यावर थांबली. भिंतीजवळ ती अरुंद होती, लहान पोरगी सहज उडी मारेल एवढी. खाली काही दिसत नव्हतं. ती दोन पावलं मागे सरली आणि रडू लागली.

"रड," आई म्हणाल्या. "रडत रडत ये. मी इथून हलत नाहीये."

तिने डोळे मिटले नाहीत. पाय लांब टाकला, दुसरा ओढून घेतला, गुडघ्यावर पडली, उठली आणि दोरीखालून आली तशी आईंनी तिचं मनगट पकडलं. म्हातारीच्या हातात एवढा जोर कुठून आला देव जाणे. नखं कातड्यात रुतली. दोघी टेकडीच्या रस्त्याने चालू लागल्या. मागे काहीतरी मोठं, लोखंडी, वाजत वाजत खाली गेलं. दोघींपैकी कोणी वळून पाहिलं नाही.

बरंच वर आल्यावर न्हाणीवालीला बोलता आलं.

"मला वाटलं, तुम्ही फाटकाशी गेलात."

"मागच्या बोळातून गेले मी, चढ कमी म्हणून. सगळ्यांच्या आधी शाळेत पोचले."

"मग खाली कशाला आलात? शब्द दिला होतात ना?"

"दोरीचा दिला होता. दोरी मी ओलांडली नाही." आईंना धाप लागली होती. त्या थांबल्या, पण मनगट सोडलं नाही. "मैदानात सगळे आले. पाववाला आला, दिवेवाले आले. तू आली नाहीस. मी उठले तर बायकांनी मला धरून बसवलं. म्हणाल्या, बसा आत्याबाई, येईल ती."

न्हाणीवालीने वर मैदानाकडे पाहिलं.

"तेव्हाही ह्याच म्हणाल्या होत्या," आई म्हणाल्या. "तू जा, पोराला पाजून ये, तोवर येईल तो. आणि मी ऐकलं होतं."

न्हाणीवालीने मोकळ्या हाताने त्यांची शाल नीट केली, आणि दोघी उरलेला चढ चढू लागल्या.